खोली वापरात नाही

शाळामास्तराला लिहिणं चुकत नाही. हजेऱ्या, दाखले, प्रगतिपुस्तकं, ज्याला लिहिता येत नाही त्याचे अर्ज, कुणाच्या तरी दूरच्या मुलाला पत्र. मी लिहिलेलं बहुतेक सगळं मी विसरून गेलो आहे, आणि ते ठीकच आहे. तीन शब्दांचं एक वाक्य मात्र विसरता आलेलं नाही. 'खोली वापरात नाही', हे ते वाक्य. ते मी एका मदत समितीच्या वहीत लिहिलं, आणि त्याच्या जोरावर एक बाई आणि तिच्या दोन मुली भर पावसाळ्यात बाहेर पडल्या. त्यानंतर मी जे केलं ते याहून वाईट होतं. तेही सांगणार आहे.

पस्तीस साली तिकडे बलुचिस्तानात क्वेट्ट्याला भूकंप झाला तेव्हा मी लोणावळ्याच्या शाळेत शिकवत होतो. वय चौतीस. शहर एका रात्रीत गेलं, लष्करानं ते बंद केलं आणि वाचलेल्यांना गाड्यांत बसवून जिकडे ज्याचं कुणी असेल तिकडे पाठवलं, असं वर्तमानपत्रांत येत होतं. आमच्या बाजूची बरीच माणसं पलटणींच्या मागे तिकडे गेलेली होती. त्यांच्यातली उरलेली कुटुंबं पंधरा-वीस दिवसांनी पुणे-मुंबईकडे उतरू लागली.

पाऊस सुरू झाला की लोणावळ्यातले बंगले बंद होतात. शेट मंडळी मुंबईला जातात, माळी तेवढा मागे राहतो. या बंगल्यांच्या मागच्या नोकरांच्या खोल्या भूकंपवाल्यांना चार महिने द्याव्यात, अशी कल्पना गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी काढली. त्यांनी शेटांना पत्रं लिहून परवानग्या मिळवल्या, समिती केली आणि चौकशीचं काम माझ्यावर सोपवलं. कोण खरं, कोण खोटं, खोली कुणाला द्यायची, दिलेली खोली नीट वापरली जाते की नाही, हे मी बघायचं आणि वहीत लिहायचं.

पहिल्याच आठवड्यात मी फसलो. बायको आणि मुलगा ढिगाऱ्यात गेले असं सांगणारा एक माणूस आला. तो रडला, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो. त्याला खोली दिली, चार कांबळी दिली, डॉक्टरांनी स्वतःचा कोट दिला. तिसऱ्या दिवशी कांबळी, कोट आणि खोलीतला कंदील घेऊन तो गेला. कल्याणकडचा निघाला. क्वेट्टा त्यानं नकाशातही पाहिलं नसेल. डॉक्टर रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, यापुढे रडणारा माणूस आपण जरा तपासून घेत जाऊ." समितीतले बाकीचे हसले. ते हसू मला फार लागलं. पुन्हा कुणी आपल्याला फसवता कामा नये, असं मी मनाशी धरलं, आणि त्या दिवसापासून मी लोकांना मदत करायचं सोडून त्यांच्यावर पहारा करू लागलो. अर्थात, तेव्हा मला ते तसं दिसत नव्हतं.

अशात ती बाई आली. तिशीची असेल. बरोबर दोन मुली, एक नऊ वर्षांची आणि एक पाच. सामान म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. ती रडली नाही. विचारलं तेवढंच सांगत होती. नवरा कार्ल्याचा. पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या पलटणीत भरती होऊन गेला, पुढे तिकडेच एका कंत्राटदाराच्या गाड्यांवर राहिला. ही नगरकडच्या अशाच एका पलटणीतल्या माणसाची मुलगी, छावण्यांतून वाढलेली. लग्न तिकडेच झालं. मावळ तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. नवरा घराच्या ढिगाऱ्याखाली गेला. ती आणि मुली अंगणात झोपल्या होत्या म्हणून वाचल्या.

माझा संशय तिथंच सुरू झाला, कारण ती बोलत होती ती बोली पक्की मावळातली होती. न्हाई, व्हय, तितं, हितं. मावळ न पाहिलेल्या बाईच्या तोंडी मावळची बोली कशी? मधूनच 'बिलकुल' आणि 'मकान' यायचं, पण ते कुणीही शिकेल. ही बोली तिनं पंधरा वर्षं एका माणसाबरोबर राहून त्याच्याकडून उचलली असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. पलटणीतल्या बापाच्या घरी सोळा ठिकाणची भाषा, आणि ज्याच्याशी संसार केला त्याची ही एक. तिच्याजवळ त्या माणसाचं दुसरं काही उरलेलं नव्हतं.

तिच्याकडच्या सरकारी पासावर नवऱ्याचं आडनाव एक अक्षर चुकलेलं होतं. तेही मी लिहून घेतलं.

डॉक्टरांनी तिला खंडाळ्याच्या रस्त्यावरच्या एका बंगल्याची मागची खोली दिली. दगडी भिंती, वर जाड वासे, मंगलोरी कौलं. लोणावळ्याच्या पावसाला यापेक्षा चांगला आसरा नाही. बंगल्याच्या मागेच रेल्वेचा उंच भराव, आणि आवाराच्या टोकाला शेटची मोटर ठेवायची पत्र्याची शेड. चार लाकडी खांब, वर पत्रे, तीन बाजूंनी उघडी. मोटर मुंबईला गेलेली होती, आणि माळी तिथं आपलं सरपण रचून ठेवत असे.

मी पुढच्याच रविवारी कार्ल्याला गेलो. तिचा दीर भाताच्या खाचरात नांगर धरून होता. तो बांधावर आला, पण इरलं काही डोक्यावरून उतरवलं नाही. भाऊ गेला ते वीस वर्षं झाली, मधे दोनदा कुणाकडून तरी निरोप आला, लग्न केल्याचं ऐकलं होतं, असं त्यानं तुटक तुटक सांगितलं. लोणावळ्याला येण्याआधी बाई त्याच्याकडे जाऊन आली होती. ती भावाचीच बायको आहे का, असं विचारल्यावर त्यानं एकदा बैलांकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोयट्याला गेलता का कोयता घेऊन गेलता, आमाला काय ठावं? बाई म्हनती म्या बायको. म्हनू दे. बोली आमचीच हाय, पर बोली कुनी बी शिकंल."

"मुली भावासारख्या दिसतात का?" मी विचारलं.

"भाऊच ध्यानात न्हाई मला आता," तो म्हणाला, आणि परत नांगराकडे गेला.

भावाची विधवा घरात आली तर खाचरांचा वाटा निघतो, हे त्याचं दुखणं मला तेव्हाही कळत होतं. पण मी स्वतःला सांगितलं की सख्खा दीर ओळखत नाही, याची नोंद करायलाच हवी. मी ती केली.

मग मी दर रविवारी त्या बंगल्यावर जाऊ लागलो. शाळेच्या वह्या तपासणं उरकून निघायचो, रुळांच्या कडेच्या पायवाटेनं चालायचो आणि अकराच्या सुमारास फाटकाशी पोचायचो. दर वेळी एकच गोष्ट घडायची. मी फाटकाला हात लावतो न लावतो तोच खोलीच्या मागच्या दारातून दोन्ही मुली पळत बाहेर यायच्या, त्यांच्यामागे पिठाच्या हातांनी बाई. पावसातच आवाराच्या मधोमध जाऊन तिघी उभ्या राहायच्या. धाकटी आईच्या लुगड्यात तोंड घालायची. मी जवळ जाईपर्यंत त्या तशाच. मग बाई मान खाली घालून सावकाश परत खोलीत जायची आणि चुलीवर करपलेली भाकरी काढायची.

पहिल्या रविवारी मला नवल वाटलं. दुसऱ्या रविवारी मी मनाशी म्हणालो, कुणीतरी यांना माझी वर्दी देतं. तिसऱ्या रविवारी माझी खात्रीच झाली की खोलीत असं काहीतरी किंवा कुणीतरी आहे, जे मी दिसताच लपवलं जातं, आणि या तिघी मला बाहेरच अडवायला येतात. मी त्या दिवशी न विचारता आत शिरलो. आत कुणी नव्हतं. पण माझ्यामागून आलेली थोरली दाराशी, उंबऱ्याच्या आत, खाली पडलेली भांडी पुन्हा रचत होती: पालथा लोटा, त्यावर फुलपात्र, आणि फुलपात्रावर एक झाकणी. झाकणीवर दोन खडे. नुसता पाय आपटला तरी सगळं खणखणत खाली येईल अशी रचना.

"हे काय?" मी विचारलं.

बाईनं ते घाईघाईनं उचललं. "पोरींचा खेळ," ती म्हणाली.

ती खोटं बोलत होती हे मला कळलं, आणि त्या खोट्याचा मी फार मोठा अर्थ लावला. ज्या घरात चोरण्यासारखं काही नाही, त्या घरात चोरासाठी भांडी कोण रचतं? म्हणजे चोरण्यासारखं काहीतरी आहे. आणि भिंतीकडे पाहिलं तर तिथं सरपण. छतापर्यंत, कोरडं, नीट रचलेलं. तीन जणींना पुरून उरेल त्याच्या दसपट.

माळी बाहेर उभा होता. हा माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. मी त्याला बाजूला घेतलं. त्याला नेमकं तेच हवं होतं.

"मास्तर, खोलीत कुनी निजत न्हाई," तो म्हणाला. "तिगी जनी शेडात निजत्यात. पत्र्याखाली. पाऊस आत येतो, तरी तितंच. मी म्हनलं, बाई, शेटनं दगडाचं घर दिलं, आन् तू मोटारीच्या जागी लोळतीस? तर म्हनती, हितंच बरं."

"का?"

"मला काय ठावं. ज्याचं दुखनं त्याच्यापाशी."

"आणि हे सरपण कुणाचं?"

"मला काय ठावं," तो पुन्हा म्हणाला, आणि फाटकाकडे बघू लागला.

घरी येऊन मी वही काढली. मला एक सरळ हिशोब दिसत होता: लोणावळ्याच्या पावसात, पक्कं छप्पर मिळालेलं असताना, कुणी उघड्यावर झोपत नाही. ती झोपते, म्हणजे खोली तिनं दुसऱ्या कुणाला तरी माल ठेवायला दिली आहे. दीर ओळखत नाही. पासावर नाव चुकलेलं. मी गेलो की पळापळ. मी तारीख घातली, दिराचं म्हणणं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं: खोली वापरात नाही.

डॉक्टरांनी ते वाचून मान हलवली. खोलीसाठी दुसरी दोन कुटुंबं थांबलेली होती. बाईला सांगायला मीच गेलो. वहीत काय लिहिलं ते तिनं विचारलं, मी वाचून दाखवलं.

"व्हय," ती म्हणाली. "निजत न्हाई आमी तितं."

मला तेवढं पुरे झालं. कबुलीच मिळाली. का निजत नाही, हा पुढचा प्रश्न, जो मी शाळेत चौथीच्या मुलाला विचारला असता, तो मी तिला विचारला नाही. ती दुपारीच गेली. धाकटी मला बघून आईला विचारत होती, "ये बारिश कब बंद होगी?" तिनं तसा पाऊस जन्मात पाहिला नव्हता. आई म्हणाली, व्हईल.

दोन दिवसांनी, सुट्टी होती म्हणून, खोलीतल्या वस्तूंची यादी करायला मी गेलो. नव्या कुटुंबाच्या ताब्यात द्यायच्या आधी यादी करण्याची पद्धत होती. त्या दिवशी मी लवकर पोचलो होतो. खोलीच्या मधोमध उकिडवा बसून खिडकीचे गज मोजत होतो. अकरा वाजले.

आधी पायांना कळलं. जमीन गुरगुरल्यासारखी झाली. मग खिडकीची काच थरथरली, कौलं एकमेकांवर खडखडू लागली, आणि वाशांमधली माती माझ्या मानेवर पडली. मुंबईहून घाट चढून आलेली गाडी, मागून ढकलणारी इंजिनं धरून, डोक्याच्या उंचीवरच्या भरावावरून चालली होती. मला हे सगळं माहीत होतं. मी लोणावळ्यात आठ वर्षं राहत होतो. तरी माझी मांडीवरची वही कुठं पडली ते मला कळलं नाही. भानावर आलो तेव्हा मी आवाराच्या मधोमध, पावसात, नेमका त्या तिघी उभ्या राहत तिथं उभा होतो.

माळी शेडमधून बघत होता. तो हसला. "तुमी बी, मास्तर? त्यांच्यावानीच पळालासा की."

दर रविवारी मी आणि ती गाडी बरोबरच पोचत होतो. गाडी भरावावर आणि मी फाटकाशी. आवाज मला रोजचा, त्यामुळे तो माझ्या कानात शिरतच नव्हता. त्या मला बघून पळत नव्हत्या. मी आलो आहे हे त्यांना माहीतही नसायचं. दिवसा स्वयंपाकापुरत्या त्या जीव मुठीत धरून त्या दगडी खोलीत जात होत्या, आणि पडला तरी जीव जाणार नाही अशा पत्र्याखाली झोपत होत्या. लोटा आणि फुलपात्र चोरासाठी नव्हतं. जमीन हलली की आधी ते वाजावं म्हणून होतं.

सरपणाचं मी माळ्याला खडसावून विचारलं. आता बाई गेली होती, तेव्हा त्यानं लाजत सांगितलं. शेड त्याच्या सरपणाची. बाईनं त्याला म्हटलं, तुझं सरपण कोरड्या खोलीत ठेव, आम्हाला शेडात झोपू दे. त्याला सौदा आवडला. पण शेटला कळलं तर नोकरी जाईल म्हणून सरपणाबद्दल तो गप्प बसला, आणि कळायच्या आत बाईच जावी म्हणून माझ्याजवळ कुजबुजला.

त्यांना शोधायला मला आठ दिवस लागले. कार्ल्यात दिरानं त्यांना पुन्हा दारातूनच परत पाठवलं होतं. शेवटी मळवली स्टेशनवरच्या एका हमालानं सांगितलं की भाजे गावात एका शेतकऱ्याच्या आवणीवर, भाताची रोपं लावायला, एक नवी बाई आहे, पोरी हिंदी बोलतात. मी गेलो. शेताच्या कडेला उंचवट्यावर एक गवती खोप होती, राखणीची असते तशी. आवणीला येईल तोवर राहू दे म्हणून शेतकऱ्यानं दिलेली. कुडाची भिंत एकच, छप्पर विरलेलं. धाकटी आत खोकत होती. बाई चिखलातून वर आली आणि माझ्याकडे बघून तिनं पहिलं विचारलं ते हे: "आता काय लिवायचं ऱ्हायलं?"

मी तिला सगळं सांगितलं. गाडीचं, माझ्या पळण्याचं. ती ऐकत होती, पण तिचा विश्वास बसला आहे असं दिसेना. यातून हा माणूस काय काढणार, एवढंच ती बघत होती. मी म्हणालो, खोली परत मिळवून देतो, हवं तर रुळापासून लांबची.

"खोली नको," ती म्हणाली. "गवताखाली बरी हाय मी. गवात पडलं तर झटकून उटता येतं. तुमी ते लिवल्यालं खोडा."

"त्यानं काय होणार?"

"दीर सांगतोय समद्यांला. समितीनं हाकलली म्हून. कागदावर लिवून हाकलली. मला जागा कोन देनार मग? ह्यो मानूस आज ऱ्हाऊ देतोय. आवणी सरल्यावर?"

मी खोडतो म्हणालो. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेलो. बैठकीत चार-पाच मंडळी बसलेली होती आणि डॉक्टर पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला माझीच गोष्ट सांगत होते. आमचे मास्तर पहिल्यांदा फसले, पण आता असे तयार झाले आहेत की खोटा माणूस त्यांच्या हातून सुटत नाही. परवाच एक बाई त्यांनी बरोबर ओळखली. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघू लागले. मी घसा साफ केला. आणि विचारलं की एखाद्या कुटुंबाला खोलीऐवजी पेंढा आणि बांबू देण्याची सोय आपल्या समितीत आहे का. डॉक्टर म्हणाले, तशी तरतूद नाही. मी बरं म्हटलं. बाकीचं तसंच पोटात घेऊन घरी आलो.

मग मी स्वतःच पेंढा मिळवला. पावसाळ्यात पेंढा मिळणं सोपं नाही. गुरांच्या तोंडचा घास असतो तो. ओळखीच्या तीन घरी हात जोडले, गाडीवान ठरवला, दोन गडी घेतले. दिवसभर मी त्यांच्याबरोबर छपरावर पेंढ्या चढवल्या, काथ्यानं आवळल्या. कुडाच्या आणखी दोन भिंती घातल्या, शेण-मातीनं लिंपल्या. शेतकऱ्याशी बोलून बाईनं गुरं राखावी आणि खोप वर्षभर तिच्याकडे राहावी असं ठरवलं. माझे हात सोलून निघाले होते, आणि मला ते बरं वाटत होतं. निघताना बाईनं विचारलं, "खोडलं का?"

मी हो म्हणालो.

हे ते दुसरं. पहिलं मी चुकून केलं होतं असं म्हणता येईल. हे समजून केलं.

समिती दिवाळीनंतर मिटली. वही डॉक्टरांच्या कपाटात राहिली, पुढे डॉक्टर वारले, त्यांच्या मुलानं कागद रद्दीत काढले. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. आता खोडायलाच काही उरलं नव्हतं. बाई भाज्यालाच राहिली. धाकटीला मी तिथल्या शाळेत घालायला लावलं, पुस्तकं पाठवली, पण स्वतः जायचं टाळलं. मळवलीला उतरायचं काम निघालं तर ते दुसऱ्या कुणाला सांगायचो.

सहा वर्षांनी एका दुपारी ती शाळेच्या फाटकाशी उभी दिसली. थोरलीचं जमत आलं होतं. मुलगा पवनेकाठचा, घरचं भात, माणसं बरी. पण त्यांच्या कानावर दिराचं बोलणं गेलं होतं. ही बाई भूकंपातली नाहीच, नवरा कुठं सोडून आली कोण जाणे, समितीनं लिहून हाकलली होती, विचारा. मुलाचे आजोबा येत्या रविवारी शेवटचं बोलायला येणार होते.

"तुमी खोडलं म्हनला व्हता," ती म्हणाली.

मी शाळेच्या भिंतीकडे बघत सांगितलं, "नाही खोडलं."

तिला धक्का बसला नाही. ती म्हणाली, "तवाच कळलं व्हतं. तुमी पेंडा लय आनला व्हता."

रविवारी मी भाज्याला गेलो. खोपीचं आता घर झालं होतं, पण भिंती कुडाच्या आणि वर गवतच. मुलाचे आजोबा बाजेवर बसले होते, दोघे नातेवाईक घोंगडीवर. बाई आतल्या बाजूला कुडाशी उभी. मी चहाला थांबलो नाही. फाटकापासून सुरुवात केली, अकराच्या गाडीपासून, आणि समितीच्या बैठकीत गप्प बसलो तिथपर्यंत सगळं सांगितलं. चाळिशीचा मास्तर असं स्वतःबद्दल बोलताना ऐकून ते नातेवाईक अवघडून गेले. आजोबा अवघडले नाहीत. त्यांनी तंबाखू मळून होईपर्यंत वाट बघितली.

"मास्तर, तुमी कोयटा पायलाय?"

"नाही."

"मग हिचा धनी तितं मेला, हे तुमाला कसं ठावं?"

"ते मी पाहिलेलं नाही," मी म्हणालो. "पण जमीन हलली की या तिघी कशा धावत होत्या ते मी तीन रविवार पाहिलं आहे. धाकटी पाच वर्षांची होती. असं धावायला शिकवता येत नाही."

"पोरांला कायबी शिकवता येतंय."

"मग मलाही कुणीतरी शिकवलं असणार, आबा. मीही तसाच धावलो."

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. खरेदीच्या बैलाचे दात बघावेत तसं. मग म्हणाले, "तवा लिवून दिलंत, आता तोंडानं सांगताय. तोंडाचं काय खरं? लिवल्यालं लिवूनच फिटंल. कागद द्या. आमच्या गावात चार मानसांला दावायला पायजे."

धाकटीनं वहीतलं पान आणि दौत आणून दिली. आता ती अकरा वर्षांची झाली होती आणि तिच्या बोलण्यात हिंदीचा मागमूस उरला नव्हता. मी पाटावर कागद ठेवून लिहिलं. बाई अमक्याची पत्नी, पती क्वेट्टा येथील भूकंपात वारला, मुली त्याच्याच, समितीच्या वहीतील नोंद माझ्या चुकीने झालेली. खाली सही करायला टाक दौतीत बुडवला, तेव्हा बाई कुडापासून पुढं आली.

"थांबा," ती म्हणाली. "आदी पोरगी वाचंल."

धाकटीनं कागद घेतला आणि शाळेत वाचतात तसा खड्या आवाजात वाचला. आजोबांनी मान डोलावली. बाईनं नाही डोलावली.

"मदलं पुन्हा वाच."

"'सदर बाईचे पती क्वेट्टा येथील भूकंपात वारले असे समजते.'"

"समजतं म्हंजे?" बाईनं मला विचारलं. "कुनाला समजतं?"

मी सांगू लागलो की दाखल्यात तसं लिहायची रीत असते, सगळे तसंच लिहितात.

"तुमाला ठावं हाय का न्हाई?"

घरातले सगळे माझ्याकडे बघत होते. बाहेर दोन गुरं दाव्याला हिसके देत होती. मी म्हणालो, माहीत आहे.

"मग तसं लिवा."

मी 'असे समजते' खोडलं. एक रेघ पुरत नाही असं वाटून दुसरी मारली. वर लिहिलं, 'हे मला माहीत आहे.' बाईनं कागद माझ्या हातून घेतला, मुलीच्या हातात दिला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावला. मी टाक धरून बसून राहिलो. वाचून संपल्यावर तिनं मुलीला विचारलं, "आनखी काय न्हाई ना त्यात?" मुलगी नाही म्हणाली. तेव्हा तिनं कागद पाटावर ठेवला आणि सही कुठं करायची ती जागा मला बोटानं दाखवली.